रबरी छप्पर आणि मंदाताईंची गादी

"तुम्ही काय करता?" असं कुणी विचारलं की मी सांगते, "गाड्यांची छपरं धुते." समोरचा माणूस एकदा माझ्या पांढऱ्या केसांकडे बघतो, एकदा माझ्या गुडघ्यांकडे, आणि मग हळूच विचारतो, "म्हणजे घरी बसून शिवणकाम वगैरे नाही का करत?" शिवणकामही केलं की. नागपुरात सक्करदऱ्याला आमच्या ह्यांचं गाड्यांच्या बॉड्या बांधायचं शेड आहे. तिथे मी वीस वर्षं सीटकव्हरं शिवली, पण त्याचं कुणाला काही वाटलं नाही. पन्नाशीनंतर शिडी चढून छपरावर गेले, तर धरमपेठेपासून सावनेरपर्यंत 'छप्परवाल्या काकू' म्हणून ओळख झाली.

सुरुवात झाली ती ह्यांच्या वजनामुळे. आमच्याकडे पहिल्यांदा एक कॅम्पर आली. कॅम्पर म्हणजे चाकांवरचं घर. आत पलंग, गॅसची शेगडी, बेसिन, एवढासा संडास. माणसं ती घेऊन पेंचला, ताडोबाला, नाहीतर पार समुद्रापर्यंत जातात आणि हॉटेल शोधण्याची कटकट ठेवत नाहीत. ह्यांनी जन्मभर बस आणि टेम्पो बांधलेले. वर पत्रा असणार असं समजून ते छपरावर चढले आणि खुशाल पाय टाकला. आमचे हे अंगानं भरपूर. छप्पर दबलं आणि आतला दिवा निसटून मालकाच्या चहात पडला. मालक ओरडत बाहेर आला. हे घाबरून जागच्या जागी बसले, त्यामुळे छप्पर आणखीच दबलं. शेवटी रांगत रांगत खाली उतरले आणि मला म्हणाले, "सुमन, तू चढ वं. तुह्या वजनानं तिथं काही होत नाही." माझं वजन तेव्हाही पंचेचाळीस किलो होतं आणि आजही तेवढंच आहे. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं कुणीतरी कौतुक केलं.

त्या छपरावर पत्रा नव्हताच. पातळ प्लायवूड होतं आणि त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच एक रबराची चादर चिकटवलेली होती. जाडी सायकलच्या ट्यूबपेक्षा जरा जास्त, वरून पांढरी. पत्र्याला सांधे येतात आणि सांध्यातून पाणी येतं. रबराला सांधा नसतो, म्हणून ते बसवतात. मात्र छपरात हवेसाठी झाकणं असतात, पाइप असतात, तिथे रबर कापावंच लागतं. कापलेल्या कडेवर पट्टी येते, पट्टीवर स्क्रू येतात आणि स्क्रूंवर सीलंट नावाचा चिकट मसाला भरतात. रबरी छपराची बहुतेक दुखणी या कडांपाशीच सुरू होतात. म्हणून मी वर गेले की आधी कडा बघते, नखानं चाचपते आणि मगच पाण्याला हात लावते.

धुणं तसं सोपं आहे. दोन बादल्या, मऊ ब्रश आणि भांड्यांच्या साबणाचं पातळ पाणी. बसायला एक फळी, गुडघ्यांखाली उशी. ओल्या रबरावर पाय सरकतो, म्हणून आपण कायम कोरड्या बाजूला राहायचं आणि पुढचं धुवत मागे सरकत शिडीपाशी यायचं. मे महिन्यात सकाळी सहाला चढायचं आणि आठला उतरायचं. त्यानंतर त्या छपरावर पोळी भाजता येईल. पहिल्यांदा धुतलं की दुधासारखं पाणी निघतं आणि मालक हमखास ओरडतो, "काकू, रंग चालला!" तो रंग नसतो. उन्हानं रबराची वरची कातडी हळूहळू भुकटी होत असते, तो त्याचा धर्मच आहे. रबराचा खरा वैरी म्हणजे तेल. पेट्रोल, डिझेल, थिनर, डांबर, अगदी खाण्याचं तेलसुद्धा. रबर ते पितं आणि फुगतं, आणि एकदा फुगलं की परत बसत नाही.

हे समजावून सांगता सांगता माझी निम्मी हयात जाईल असं वाटतं. नागपूरच्या माणसाचा कूलरवर फार जीव. एका गृहस्थांनी कॅम्परच्या छपरावर चांगला मोठा कूलर बसवला, चार बोल्ट रबरातून आरपार घालून. वर मलाच म्हणाले, "काकू, आतमंदी एकदम थंडं होऊन राहिलं!" थंडं होणारच, पाणी सरळ उशीवर येत होतं. काटोलकडच्या एका बागाईतदारांच्या घरी उटण्यासाठी संत्र्याच्या साली छपरावर वाळत घातल्या होत्या. सालीतलं तेल रबरानं प्यायलं आणि सगळ्या छपरावर काटा आल्यासारखे फोड उठले. आणि एक सासूबाई तर पलंगावर चढून, वरच्या झाकणातून हात बाहेर काढून कुरडया टाकायच्या. "इतकी पांढरी, इतकी स्वच्छ जागा अख्ख्या मोहल्ल्यात नाही वं," म्हणाल्या. त्यांच्या कुरडया मी आधी तळून खाल्ल्या आणि मग त्यांना रागावले.

असं सांगताना मजा वाटते, कारण या सगळ्यांत मूर्खपणा दुसऱ्याचा आहे. आता सांगते त्या गोष्टीत तो माझा आहे.

धरमपेठेत वसंतराव आणि मंदाताई राहतात. वसंतराव सरकारी कचेरीतून निवृत्त झाले आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी मंदाताईंना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, बोलणं शाबूत राहिलं, पण डावी बाजू बधिर झाली. वॉकर घेऊन चार पावलं चालतात. जिभेला मात्र कसलीच इजा झाली नव्हती. माहेर भिवापूरचं, आणि बोलणं तिथल्या मिरचीसारखं. दोन वर्षं त्या घराबाहेर पडल्या नाहीत, कारण दुसऱ्याच्या घरचा संडास त्यांना जमत नसे आणि त्यासाठी कुणाला हाक मारणं त्याहून जमत नसे. मग वसंतरावांनी एक मोठी व्हॅन घेतली आणि आमच्या शेडमध्ये तिची कॅम्पर करून घेतली. कमी उंचीचा पलंग, धरायला दांडे, खुर्चीसारखा संडास, वर पत्र्याऐवजी आम्हीच बसवलेलं रबरी छप्पर. पडदे मी शिवले, गादीचं कव्हर मी शिवलं. मंदाताई बघायला आल्या तेव्हा त्यांनी संडासाचं दार तीनदा उघडून लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "सुमन, आता मी कोणालेच आवाज देत नाही." पहिला प्रवास भिवापूरचा ठरला, बहिणीकडे, दहा दिवस.

निघायच्या आधी वसंतरावांनी गाडी धुवायला आणली. हा माणूस काळजी करणारा. मागच्या झाकणातून पाणी येईल या भीतीनं त्यांनी मला न विचारता झाकणाभोवती खोकी बांधायची ती तपकिरी चिकटपट्टी फिरवून ठेवली होती. मी ती ओढून काढली. पट्टी निघाली, गोंद राहिला आणि त्यावर धूळ बसून पांढऱ्या छपरावर काळं रिंगण उमटलं. साबणानं अर्धा तास घासलं, काही हललं नाही.

आमच्या शेडमध्ये एका डब्यात कायम डिझेल असतं. ग्रीस काढायला तेच, गोंद काढायला तेच, मिस्त्री लोक हातही त्यानंच धुतात. रबराच्या गुंडाळीबरोबर आलेला इंग्रजी कागद ह्यांनी मला तीनदा वाचून दाखवला होता. डिझेल चालत नाही हे मला ठाऊक होतं, मीच ते दुनियेला सांगत फिरत होते. तरी खाली उतरले, चिंधी भिजवली आणि वर जाऊन पुसलं. एकदा पुसल्यानं काय होतं, असं म्हणत चारदा पुसलं. रिंगण गेलं. छप्पर ताटासारखं लख्ख झालं. मी वसंतरावांना मुद्दाम शिडीवर बोलावून ते दाखवलं आणि त्यांनी केलेली स्तुती मन भरून ऐकली.

दहा दिवसांसाठी गेलेली माणसं चौथ्या दिवशी परत आली. मी फोन केला तर वसंतराव म्हणाले, "ठीक झाला प्रवास." मंदाताई फोनवर आल्या नाहीत. त्यानंतर कितीतरी महिने गाडी त्यांच्या दारात कव्हर घालून उभी होती. मला वाटलं, तब्येत बरी नसेल.

मग एका गुरुवारी वसंतराव गाडी घेऊन शेडवर आले. "काकू, धुऊन-पुसून द्या. रविवारी एक जण बघायले येऊन राहिले. विकून टाकतो."

"काहून? काय झालं?"

"काही नाही. तिले आता नाही जमत."

ते बाकावर बसले आणि मी वर गेले. मागच्या झाकणापाशी पोहोचले आणि हातातला ब्रश खाली ठेवला. जिथे जिथे मी चिंधी फिरवली होती, तिथे तिथे रबर फुगून लाटा आल्या होत्या. कड उचलली गेली होती, सीलंट सुटलं होतं. नख घातलं तर बोट आत गेलं.

आता धंद्यातली एक गोष्ट सांगते, ती कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. रबरी छपरात पाणी जिथून शिरतं तिथे ते टपकत नाही. ते रबर आणि प्लायवूडच्या मधून सरकतं, भिंतीच्या पोकळीत उतरतं आणि कधीकधी पाऊस थांबल्यावर कितीतरी तासांनी खाली कुठेतरी निघतं. आतून छत अगदी कोरडं राहतं. मी खाली आले, पलंगाशेजारच्या भिंतीची फळी खोलली. आत तपकिरी डाग होता, वरून थेट पलंगाच्या कोपऱ्यापर्यंत उतरलेला. पलंगावर नुसती फळी होती.

"वसंतराव, गादी कुठे आहे?"

त्यांचा चेहरा उतरला. "टाकली."

"काहून?"

ते बाकावरून उठले. मग नळापाशी उभं राहून, माझ्याकडे न बघता, त्यांनी सांगितलं. भिवापूरला पोहोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी अवकाळी पाऊस आला. अंगणात मिरच्या वाळत होत्या, सगळे त्या उचलायला धावले. तासाभरात पाऊस थांबला, आभाळ मोकळं झालं. रात्री सगळं ठीक होतं. सकाळी मंदाताई उठल्या तेव्हा त्यांच्या डाव्या अंगाखालची गादी ओली होती. ती बाजू बधिर, त्यांना कळलंच नव्हतं. छत कोरडं होतं आणि पावसाची तर आठवणही कुणाला नव्हती. वसंतरावांनी एक शब्द न बोलता गादी ओढून उन्हात टाकली, मिरच्यांच्या शेजारी. बहिणीची सून चांगल्या मनानं म्हणाली, "होते मावशी असं, मनाले लावून नका घेऊ." तेवढं पुरे झालं. त्या दिवसापासून मंदाताई घरीसुद्धा गादीवर रबरी कापड टाकून झोपत होत्या आणि दुपारनंतर पाणी पीत नव्हत्या. माहेरचं नाव काढत नव्हत्या.

मी विचारू नये ते विचारलं. "वसंतराव, तुम्ही गादीचा वास घेतला होता का?"

मी शिवी दिल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तिच्यासमोर? असा कसा घेईन, काकू?"

इतकी जपणारी माणसं. कुणी वास घेतला नाही, कुणी विचारलं नाही, कुणी हसलंसुद्धा नाही. कुणी थोडं कमी चांगलं वागलं असतं तर त्याच सकाळी खरं कळलं असतं.

मी वसंतरावांना तेव्हा काही सांगितलं नाही. ते रिक्षानं घरी गेले आणि मी ह्यांना छप्पर दाखवलं, वसंतरावांना खरं सांगावं लागेल म्हटलं. ह्यांना डिझेल ओळखायला वास घ्यावा लागत नाही. बघून म्हणाले, "तुकडा कापून नवा लाव, रविवारी गाडी जाईन, मामला खतम. सांगाले काहून चालली वं? उद्या कोणी आपल्या शेडवर कॅम्पर आणन का?" हे मनानं वाईट नाहीत. आमच्या धंद्यात जाहिरात नसते, एकानं दुसऱ्याला सांगायचं एवढंच असतं. आणि खरं सांगते, तो अख्खा दिवस मी त्यांच्या बाजूनं होते. ठिगळाचं रबर कापलं, प्लायवूडचा तुकडा मापानं काढून ठेवला, नवं सीलंट आणलं. मंदाताई घरी बसून आहेत, त्यांना जेवायला मिळतं, औषध मिळतं, आता जुनं उकरून काय होणार, असंही मनाशी म्हणून पाहिलं. पण शुक्रवारी दुपारी चहा घेताना ग्लासात पाणी ओतलं आणि मला त्या तहानलेल्या बाईची आठवण झाली. लाज वाटली, फार लाज वाटली. मी ठिगळ बाजूला ठेवलं.

शनिवारी सकाळी ह्यांना गाडी चालवायला लावून मी ती तशीच, न दुरुस्त करता, धरमपेठेत नेली. मंदाताई पुढच्या खोलीत बसल्या होत्या, वाळलेल्या दिसत होत्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. चिकटपट्टी, गोंद, डिझेल, चार वेळा पुसलं तेही. गादी पावसाच्या पाण्यानं ओली झाली, तुमच्यामुळे नाही, हे दोनदा सांगितलं. वसंतराव दाराला धरून उभे होते.

मंदाताईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ह्यांनीच शिकवलं न तुले हे बोलाले?"

"नाही हो ताई."

"मले बरं वाटावं म्हणून सांगून राहिली तू. चांगली आहेस वं. चहा घेशीन?"

माझा कबुलीजबाब त्यांनी माझा चांगुलपणा म्हणून परत केला होता. मला राग आला, त्यांचा नाही, माझा. मी म्हटलं, "ताई, चूक मी केली. ती तुमच्या नावावर कायले राहू देऊ? चला बाहेर. डोळ्यांनी पाहा."

"मी त्या गाडीत नाही चढत."

"मग मीही इथून हलत नाही."

अर्धा तास आम्ही दोघी तशाच बसलो. शेवटी त्या वैतागून उठल्या. गाडीत चढायला त्यांना दहा मिनिटं लागली. मी त्यांना पलंगाच्या फळीवर बसवलं, त्यांचा चांगला उजवा हात भिंतीच्या कोपऱ्यापाशी ठेवायला लावला. "कोरडं आहे न?" "कोरडं आहे." मग मी शिडी लावली आणि वर गेले. ह्यांनी खालून बादल्या दिल्या.

पहिली बादली ओतली. काही नाही. दुसरी ओतली. शेजारच्या फाटकांपाशी लोक जमले. तिसरी ओतली आणि थांबले, कारण पाण्याला वाट काढायला वेळ लागतो. किती वेळ लागेल ते मलाही माहीत नव्हतं. वाहनाच्या हादऱ्यानं रबर सरकून भोक बुजलं असेल तर? मग मंदाताई घरात परततील, मला चहा देतील आणि जन्मभर तेच खरं धरून बसतील. आपलं काम गळावं म्हणून देवाला हात जोडणारी कारागीर मी एकटीच असेन. तासभर झाला. ऊन चढलं, गुडघे भाजायला लागले. मी चौथी बादली थेंब थेंब करत उचललेल्या कडेखाली सोडली.

खालून मंदाताईंचा आवाज आला, अगदी समजुतीचा. "राहू दे सुमन. उतर खाली. पडशीन."

मी उतरले नाही. आणखी थोडा वेळ गेला. वसंतराव फाटकापाशी जाऊन लोकांना "काही नाही, छप्पर धुऊन राहिले," असं सांगत होते. मग गाडीच्या आतून एकदम काहीच ऐकू येईना, त्यांच्या बांगड्यांचा आवाजसुद्धा. मी झाकणातून आत वाकून पाहिलं. मंदाताईंचा तळवा फळीवर पालथा होता आणि त्या हलत नव्हत्या. त्यांनी हात उचलला, बघितला, पुन्हा त्याच जागी ठेवला.

"अवो," त्यांनी हाक मारली. "इकडे या."

वसंतराव धावत आत गेले.

"हात लावा इथं."

त्यांनी लावला.

"आता वास घ्या."

"मंदा..."

"घ्या म्हणते न!"

वसंतरावांनी ओला तळवा नाकाशी नेला. खूप वेळ तसाच धरून ठेवला. "पाणी आहे," ते म्हणाले.

"मोठ्यानं सांगा. लोकं उभे आहेत बाहेर."

"पाणी आहे, मंदा. पाणीच आहे."

मंदाताई हसत होत्या की रडत होत्या ते मला वरून कळलं नाही. वसंतरावांचं कळलं, ते रडत होते. मग मंदाताईंनी पदरानं तोंड पुसलं आणि आपल्या जुन्या आवाजात बोलायला लागल्या. "उद्याच्या त्या गिऱ्हाइकाले आत्ताच फोन करा. म्हणा, गाडी विकायची नाही, आम्हाले भिवापूरले जायचं आहे. अन् मले प्यायले पाणी आणा, गिलासभर." मग त्यांनी मान वर केली, झाकणातून मला पाहिलं आणि डाफरल्या, "तू थांबली काहून वं? आणखी एक बालटी ओत!"

मी ओतली.